लोकरीची भाकरी

माझं मनगट मोडलं ते स्लॅबवरची पाण्याची टाकी धुऊन खाली उतरताना. शिडीची अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि ती नव्हती. सगळा भार उजव्या हातावर आला. धाराशिवच्या एस.टी. डेपोत मी मेकॅनिक होतो. उभी नोकरी गाड्यांच्या पोटात हात घालून काढली, तिथं खरचटण्यापलीकडं कधी काही झालं नाही. आणि निवृत्त होऊन तेरला घरी येऊन बसलो, तर घरच्याच शिडीनं हात मोडला.

प्लास्टर होतं तोवर बायको मला भाकरी कुस्करून द्यायची. कधी दुधात, कधी आमटीत, आणि वर एक चमचा ठेवायची. मला ते बघवत नव्हतं, पण डाव्या हातानं घास नीट तोंडाकडं जात नव्हता, त्यामुळं मुकाट्यानं खायचो.

प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. पण बोटं वळेनात. सकाळी उठलो की हात असा दिसायचा जसा कुणी दुसऱ्यानं आणून माझ्या अंगाला लावलाय. धाराशिवला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एक रबरी चेंडू दिला आणि तो दाबत बसायला सांगितलं. मी बसलो. घरी दाबला, स्टँडजवळच्या लिंबाखाली आमची मंडळी बसतात तिथं दाबला. पण ज्या हातानं आयुष्यभर नटबोल्ट सोडवले, त्याला नुसतं दाबण्यात काही गोडी लागेना. दाबला, सोडला, पुढं काय? काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी मी चेंडू खिडकीत ठेवून दिला.

बायकोच्या ते लक्षात आलं. ती दुपारची क्रोशाचं विणकाम करते. दाराची तोरणं, फ्रीजवरचे रुमाल, कुणाच्या बाळाचं टोपडं, तिच्या हातात कायम काहीतरी चालू असतं. त्या दुपारी तिनं तिची जाडी सुई आणि लाल लोकरीचा उरलेला गुंडा माझ्या मांडीवर आणून ठेवला.

“चेंडू दाबून काय निघतंय का? हे धरा. निदान काहीतर होईल त्यातनं.”

मी म्हणालो, हे बायकांचं काम. तिनं माझ्या बोटांत सुई धरवली, आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि पहिली साखळी घालून दाखवली. दोरा सुईवर घ्यायचा, आकड्यात धरायचा, फासातून ओढायचा. बघायला अगदी सोपं. माझ्या हातात आल्यावर सुई निसटली, दोरा सुटला, बोटांत कळ आली. पण ओढून काढल्यावर एक कडी तयार झाली, तिला जोडून दुसरी. संध्याकाळपर्यंत वितभर वेडीवाकडी साखळी झाली होती. ती मी दोन-तीनदा उलगडली आणि पुन्हा घातली. लोकरीची एक गोष्ट मला फार आवडली. लोखंड चुकीचं घासलं की गेलं. लोकर चुकली तर ओढा, ती पुन्हा दोराच होते.

महिन्याभरात बोटं सैल झाली. मॅडम म्हणाल्या, चेंडूचा चांगला गुण आलाय. लोकरीचं मी त्यांना सांगितलं नाही. गावात तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दाराशी पाऊल वाजलं की लोकर उशीखाली जायची. बायको हे सगळं बघायची.

मग एक दिवस पुण्याहून लेकीनं आईच्या मोबाईलवर फोटो पाठवला. कुण्या मुलीच्या खांद्याला क्रोशाची पिशवी होती, आणि पिशवीचा आकार पिझ्झाच्या तुकड्याचा. वरती लाल टोमॅटो, काळे ऑलिव्ह, सगळं विणून चिकटवलेलं. लेकीनं लिहिलं होतं, आई, मला अशी करून दे. बायकोनं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली की असली तिकोनी पोळी तिला जमायची नाही. मोबाईल ठेवून ती स्वयंपाकाला लागली.

मी तिथंच बसलो होतो. ती परातीत भाकरी थापत होती. हाताखाली पीठ फिरत होतं, काठ पसरत होता. मी ते रोज बघतो, पण त्या दिवशी त्या गोल काठाकडं माझं लक्ष राहिलं. मी म्हणालो, “मी करतो तिला पिशवी. पण पिझ्झाची न्हाय. भाकरीची.”

बायकोला इतकं हसू आलं की हातातली भाकरी मोडली आणि पुन्हा मळावी लागली. “भाकरी खांद्याला अडकवून पुण्यात फिरंल का ती?”

फिरेल की नाही हे मलाही माहीत नव्हतं. पण पिझ्झा मी जन्मात एकदाच खाल्लाय, तोही लेकीच्या आग्रहानं. जी वस्तू आतून-बाहेरून माहीत नाही ती मी कधी उघडत नाही आणि जोडतही नाही. भाकरी मला माहीत होती. निदान तसं मला वाटत होतं.

पहिली अडचण रंगाची. घरात लाल, हिरवी, पिवळी लोकर होती. ज्वारीच्या भाकरीचा रंग कुठला, हे सांगायला गेलो तर सांगता येईना. पांढरा म्हणावं तर तो पांढरा नाही, पिवळा तर नाहीच. मला हात दाखवायला धाराशिवला जायचंच होतं. निघताना मी चतकोर भाकरी रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली.

लोकरीच्या दुकानात एक वयस्कर बाई गल्ल्यावर होत्या. कसला रंग पाहिजे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ज्वारीच्या भाकरीचा. त्यांनी पांढरा गुंडा काढला, सायीच्या रंगाचा काढला, बदामी काढला. एकही बसेना. शेवटी मी रुमाल सोडून चतकोर काचेवर ठेवली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, भाकरी आणि गुंडे उचलून दाराशी उजेडात नेले आणि बराच वेळ एकाशेजारी एक धरून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की एका रंगात हे होणार नाही, सायीचा दोरा आणि फिकट राखाडी दोरा दोन्ही एकत्र धरून विणा. शिवाय तव्याच्या डागांसाठी थोडी तपकिरी घ्या. पिशवीत गुंडे भरताना त्यांनी विचारलं, ही भाकरी आता तुम्ही नेणार का? त्यांना साखरेचा त्रास आहे, दुकानात बसून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी ती त्यांना देऊन आलो.

दोन दोरे एकत्र धरले आणि खरंच भाकरीचा रंग आला. पण आकार येईना. गोल विणायचं म्हणजे मधून सुरुवात करून फेऱ्या वाढवत न्यायच्या. फेरीत टाके कमी वाढवले की कडा वर येतात. माझी पहिली भाकरी वाटी झाली. जास्त वाढवले की कडेला चुण्या पडतात. दुसरी परकराच्या झालरीसारखी झाली. बायको सांगत होती की प्रत्येक फेरीत सारखेच टाके वाढवा, पण मी मोजता मोजता तिच्याशी बोलायचो आणि विसरायचो. तिसऱ्या वेळेला मी तोंड बंद ठेवून विणलं. ती सपाट बसली. चांगला वॉशर बसावा तशी. तपकिरी दोऱ्यानं मी तिच्यावर डागही घातले आणि मोठ्या ऐटीत बायकोपुढं ठेवली.

तिनं नुकतीच तव्यावरून उतरवलेली भाकरी तिच्याशेजारी ठेवली आणि दोन्हींकडं पाहिलं.

“ही पोळी झाली,” ती म्हणाली. “भाकरीला पापुद्रा असतो.”

तिनं खऱ्या भाकरीच्या काठाशी बोट घालून पापुद्रा उचलला. आतून वाफ आली. खाली जाड थर, वर पातळ, आणि मध्ये सगळी मोकळी जागा. इतकी वर्षं मी भाकरी खाल्ली आणि पिशवीचं तोंड कुठं ठेवायचं या विचारात दोन रात्री घालवल्या. तोंड तिथंच होतं. खालचा थर जाड, घट्ट टाक्यांचा. वरचा पातळ, सैल आणि किंचित मोठा, म्हणजे तो जरा फुगलेला राहील. आणि दोन्हींच्या मधून सामान आत.

मी लगेच वरचा थर विणायला घेतला. तो झाल्यावर दोन्ही थर अर्ध्या काठानं जोडले, पट्टा विणला. आता चेन लागणार होती, आणि आत अस्तर, नाहीतर लोकर ओढली जाऊन पिशवी लोंबली असती. बायकोला चेन बसवणं जमत नाही. गावात ते एकाच माणसाला नीट येतं, आणि तो शिंपी लिंबाखाली रोज माझ्या शेजारी बसणारा माझा दोस्त.

दोन दिवस मी पिशवी घेऊन त्याच्या दुकानावरून नुसता पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून आत शिरलो आणि ती मशीनवर ठेवली. त्यानं उलटसुलट करून पाहिली, डागांवरून अंगठा फिरवला. वहिनींनी छान केलीय, म्हणाला. मी म्हणालो, वहिनींनी न्हाय, म्या केली. दोन दिवस मी दुकानावरून पुढं जाताना त्यानं पाहिलं होतं.

“मग लपवत कशाला फिरतोयस?” तो म्हणाला. “म्या सगळा जन्म बायकांचे ब्लाऊज शिवले. मला कोण हसलं?”

खरंच, त्याला कुणी कधी हसलं नव्हतं. मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यानं अस्तराला कुठलं कापड घालू ते विचारलं, आणि आम्ही दोघांनी मिळून कपाटातल्या चिंध्यांतून पांढऱ्या मलमलीचं एक कापड निवडलं. त्यानं चेन अशी बसवली की काठाशी दिसतसुद्धा नव्हती.

पिशवी लेकीला पाठवायची म्हणून मी खुंटीला अडकवून ठेवली. त्याच आठवड्यात बायकोच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, धाराशिवला. निघायच्या वेळी बायको चांगलं लुगडं नेसून बाहेर आली तर तिच्या खांद्याला भाकरी.

मी म्हणालो, ती लेकीची आहे.

“लेकीला दुसरी करा,” ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

एस.टी.त आम्हाला मधली जागा मिळाली. समोरच्या बाकावर एक बाई आणि तिची चार-पाच वर्षांची पोरगी होती. पोरगी बाकावर गुडघे टेकून मागं तोंड करून बसली आणि पिशवीकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं हात पुढं करून भाकरीला बोट लावलं. बोटाला लोकर लागली तसं तिचं तोंड पडलं. बायकोनं चेन उघडली, आतून फडक्यात बांधलेली खरी भाकरी काढली, आणि तिच्यावर शेंगदाण्याची चटणी घालून चतकोर पोरीच्या हातात दिली. भाकरी माझ्यासाठी घेतलेली होती, बारशाच्या जेवणाला उशीर होतो म्हणून. पोरगी एका हातानं खात होती आणि दुसऱ्या हातानं पिशवीची चेन मागंपुढं करत होती.

तिच्या आईनं विचारलं, कुठून घेतली हो ही?

“यांनी केली,” बायको म्हणाली. एस.टी.त आवाज चढवूनच बोलावं लागतं, आणि तिनं तो चांगलाच चढवला. “आमच्या घरात विणकाम आता हेच करतेत.”

गाडी तेरहून निघालेली, म्हणजे निम्मी गाडी ओळखीची. मागच्या बाकावर आमच्या लिंबाखालचे दोघं बसले होते. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर सोयाबीनची काढणी चालू होती, आणि मी ती इतकी मन लावून कधी पाहिली नव्हती. बायकोनं माझ्या कोपराला हात लावला. बघू दे की त्यांना, म्हणाली. मग तिनं पिशवी खांद्यावरून काढली आणि मागं पाठवली. ती हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आली. कंडक्टरनंही तिकीट फाडता फाडता ती उघडून आत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली जरा उशिरानंच गेलो. कुणी हसलं तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही. एकानं विचारलं की नातीसाठी जिलबी जमेल का. दुसऱ्यानं माझा हात हातात घेऊन बोटं वाकवून पाहिली आणि त्याच्या बायकोच्याही बोटांना आखडी आहे, तिला शिकवशील का, असं विचारलं. शिंपी शेजारी बसून चहा पीत होता. आपल्याला हे आधीपासून माहीत होतं, याचा त्यानं चेहऱ्यावर पत्ता लागू दिला नाही.

मग मी तिथंच बसून विणायला लागलो. लोकर पायाशी, सुई हातात, आणि गप्पा चालू. फक्त मोजायच्या वेळी मी हात वर करतो, तेवढ्यापुरते सगळे गप्प होतात.

लेक दिवाळीला आली, आईच्या खांद्यावरची पिशवी पाहिली आणि पिझ्झाचं नाव विसरली. तिला मी दुसरी दिली. पहिलीपेक्षा ही बरी झाली होती, पापुद्रा जास्त फुगला होता. बायकोनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि तरी पहिलीच स्वतःकडं ठेवली.

पुण्याला गेल्यावर लेकीचा फोन आला. ऑफिसात सगळ्यांनी पिशवी हातात घेऊन पाहिली, दाबून पाहिली. कुठल्या दुकानातली, असं एका मुलीनं विचारलं. दुकानातली नाही, पप्पांनी केली, हिनं सांगितलं. तर त्या मुलीनं विचारलं, तुझे पप्पा काय करतात?

“मग काय सांगितलंस?” मी विचारलं.

“आधी एस.टी.त होते, म्हटलं. आता भाकऱ्या करतात.”

फोन स्पीकरवर होता. बायको परातीशी बसली होती. ती इतकी हसली की पिठाचा हात तोंडाला लागला, आणि संध्याकाळी शेजारीण आली तर तिलाही तिनं तेच पहिल्यापासून सांगितलं.