दोन्ही बाह्या डाव्या

‘निष्काळजी’ म्हटलं की माझं टाळकं फिरतं. लातुरात माझ्या शिलाईच्या दुकानात चुकलेल्याला सगळे तेच म्हणतात. ‘गफलत’ म्हणणारी मी एकटीच उरले.

तो शब्द देगलूरच्या उस्तादांचा. त्यांच्याकडे शिकताना मी एका नवरीच्या खणाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. नवरीची आई ओरडली, “निष्काळजी पोरगी!” उस्ताद मला हळूच म्हणाले, “गफलत झाली, बेटी. डुलकी लागली म्हणून माणूस आंधळा होत न्हाई.”

उरलेले तुकडे जोडून त्यांनी उजवी बाही केली. जोड काखेत लपला. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचं भारी रेशमी कापड माझ्यासमोर पसरलं आणि कात्री माझ्याच हातात दिली.

“काप.”