कॉलेज का सोडलं?

पुण्यात बीएस्सीचं पहिलं वर्ष कसंबसं पास होऊन मी बेंगळुरूला आई-बाबांकडे आले आणि दुसऱ्या वर्षासाठी बसवनगुडीतल्या एका कॉलेजात अर्ज केला. कागदपत्रांवर काम भागेल असं वाटलं होतं. पण त्यांनी मुलाखतीला बोलावलं, आणि अर्जातला एक रकाना मी कोराच ठेवला होता: आधीचं कॉलेज सोडण्याचं कारण.

बाबा म्हणाले, "माझी बदली झाली म्हणून सांग." बदली वर्षापूर्वीच झाली होती, बारावीनंतर मीच हट्टाने पुण्याला हॉस्टेलवर राहिले होते. आईचं म्हणणं, तब्येतीचं सांगावं, त्यावर कोणी फार खोदून विचारत नाही. पुण्याची मैत्रीण फोनवर म्हणाली, "शिकवणं चांगलं नव्हतं म्हण." पण शिकवणं चांगलं होतं. मी तिन्ही उत्तरं वहीत उतरवून पाठ केली. दोन दिवसांत ती एकमेकांत मिसळायला लागली.

खरं कारण मला तरी कुठे कळलं होतं? फेब्रुवारीपासून मी रोज सकाळी तयार व्हायचे, सॅक पाठीला लावायचे आणि कॉटवर बसून राहायचे. दहा वाजले की सॅक उतरवायचे. हे कोणालाच माहीत नव्हतं.

जे. पी. नगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथल्या, त्यामुळे बोलताना मध्येच कन्नड येतं. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आईने मला सरावासाठी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी थेट तोच प्रश्न विचारला. मी बदलीपासून सुरुवात केली, मध्येच तब्येत आली, मग शिकवणं.

"स्वल्प थांब," अक्का म्हणाल्या. "तू तीन मुलींचं सांगतेस. यातली तू कुठली?"

"एकही नाही." आणि मी सॅकचं सांगून टाकलं.

"का होत होतं असं?"

"माहीत नाही, अक्का."

"सरी, ठीक आहे. मग उद्या तेवढंच सांग."

"चालेल ते?"

"ते मला नाही सांगता येणार."

घरी येऊन आई-बाबांनाही सांगितलं. बाबांनी विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

मुलाखतीला तिघं जण होते. मी अडखळत इंग्रजीत सांगितलं की काही महिने मला वर्गात जाता येत नव्हतं, का ते अजून समजलेलं नाही, घरी राहून जमेल असं वाटतं. मधल्या सरांनी माझी मार्कलिस्ट बाजूला सरकवली. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "पहिलं लेक्चर आठला असतं. येशील?"

"येईन," मी म्हणाले. माझाच त्यावर पुरता विश्वास नव्हता.

प्रवेश मिळाला. अट अशी की पहिल्या वर्षाचे सगळ्यात कमी मार्कांचे दोन पेपर पुन्हा द्यायचे आणि दर महिन्याला हजेरी त्या मॅडमना दाखवायची. पहिल्या महिन्यात तीन दिवस बुडाले. ते मी आईला त्या त्या दिवशीच सांगितलं.