दुनळी बंदुकीची फिर्याद

बंदूक चोरीला गेल्याची एक फिर्याद माझ्या नोकरीतल्या बाकी सगळ्या फिर्यादींपेक्षा जास्त आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात तिच्या दोन ओळीही आल्या नाहीत. तरी निवृत्तीनंतर रिकामा बसलो की तीच डोळ्यांपुढे येते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असावीत. मी वर्ध्याला फौजदार होतो. एप्रिल संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपेपर्यंतच ठाण्याच्या भिंती तापायला लागत. ठाणे अंमलदारासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेले केस, पाठ सरळ. अंमलदारानं बसायला सांगितलं तरी तो बसेना. वय चाळिशीच्या आतलंच. सैन्यातून नाईकच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, मूळचा आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, बोरगाव मेघेत लहानसं घर बांधून राहणारा. त्याची परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आदल्या दिवशी दुपारी घरातून गेली होती.

चोरीची फिर्याद देणारा माणूस बहुधा आधी हळहळतो, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेतो. यानं वरिष्ठाला रिपोर्ट द्यावा तशी हकीकत सांगितली. सही केली, आणि मगच म्हणाला, "साहेब, सोमवारच्या आत भेटली पाह्यजे."

सोमवारी त्याला एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून हजर व्हायचं होतं. ती जागा ज्याची स्वतःची परवान्याची बंदूक आहे त्यालाच मिळणार होती.

चोरीला गेलेलं हत्यार म्हणजे पुढच्या गुन्ह्याची तयारी, असं आम्हाला शिकवलेलं. मी लगेच जमादाराला घेऊन घटनास्थळी गेलो. दोन खोल्यांचं घर, मागं थोडी मोकळी जागा, त्यापलीकडे लेआउट पडण्याआधीच्या शेतातली जुनी, वापरात नसलेली विहीर. बंदूक लोखंडी पेटीत असायची. पेटीचं कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्यावर तशीच टांगलेली. काडतुसांचा डबा पेटीतच होता, त्याला कोणी हातही लावला नव्हता. बंदूक नेणारा चोर काडतुसं सोडून जात नाही. पंचनामा लिहिताना ही गोष्ट मला खटकली.

नाईक त्या दुपारी नव्या युनिफॉर्मचं माप द्यायला शिंप्याकडे गेला होता. मुलगी सुट्टीत मामाकडे होती. त्याच्या बायकोनं जबाबात सांगितलं, "मी ज्वारी घेऊन चक्कीवर गेलती. आली तं पेटी उघडी होती." बोलताना ती नवऱ्याकडे एकदाही बघत नव्हती. भेदरलेली असेल असं मी धरलं.

संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ ठाण्यात आले. निवृत्त सुभेदार. जिल्ह्यातले फौजेतून परतलेले लोक त्यांना ओळखत. दर रविवारी सकाळी त्यांच्या घराच्या पडवीत अशी माणसं जमत. सुभेदार त्यांना नोकरीच्या जाहिराती वाचून दाखवत, अर्ज लिहून देत. पैसे घेत नसत, उलट चहासुद्धा स्वतःच पाजत.

"साहेब, आमच्या माणसाले बंदूक चालवता येते, पन खुर्चीवर बसून बोलता येत नाई," ते म्हणाले. "मुलाखतीत साहेब आला का उभा राह्यते, अन् विचारलं तेवढंच बोलते. मी त्याइले बसाले शिकवतो. सेक्शन कमांडर होतो म्हनून सांगू नको, दहा मानसाइचं काम पाह्यलं म्हनून सांग, असं शिकवतो."

नाईकची सगळी माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. सैन्यात तो वायरलेसवर होता. परत आल्यावर सगळीकडे नाव नोंदवलं, अर्ज केले. सिंदीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये शेठनं विचारलं, हिशेब येतो का? नाही. टायपिंग? नाही. मग काय येतं? त्यावर हा गप्प उभा राहिला. पुढं सगळीकडे तोच प्रश्न आणि तीच चुप्पी. शेवटी सुभेदारांनी बँकेचा मार्ग काढला. परवान्यासाठी त्याला हाताशी धरून कचेऱ्या फिरले. परवाना झाला, बंदूक आली, मुलाखत झाली आणि परतल्यापासून दोन वर्षांनी नोकरीही लागली.

"माझ्या पडवीतला हा सगळ्यात कठीन मानूस होता," सुभेदार म्हणाले. "हा लागला तं बाकीच्याइले वाटन, आपनही लागू."

दुसऱ्या दिवशी बीट जमादारानं बातमी आणली. घराजवळच्या पानठेलेवाल्यानं त्या दुपारी नाईकच्या दाराशी एका माणसाला पाहिलं होतं. तोही माजी सैनिक, पेट्रोल पंपावर काम करणारा. त्याच्याकडेही परवान्याची बंदूक होती. बँकेच्या त्याच जागेसाठी निवड यादीत त्याचा दुसरा नंबर होता. नाईक सोमवारी बंदूक घेऊन हजर झाला नाही, तर जागा या दुसऱ्याला मिळणार होती.

हेतू सापडला की पोलिसाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. मी त्याला ठाण्यात आणून बसवलं. मारहाण केली नाही, पण प्रश्न तेच तेच, उलटसुलट, दुपार उलटेपर्यंत विचारले. त्याच्या घराची झडतीही घेतली. तो शेवटी थकून म्हणाला, "मी तेथं गेलतो, साहेब, नाई म्हनत नाई. त्याले विचाराले गेलतो, का बँकेत अजून एक जागा निघाली तं माझं नाव सांगजो म्हनून. तो घरी नव्हता. वहिनी मांगच्या आंगनातून आल्या. हात धुळीनं भरेल होते. मी पानी मांगतलं तं म्हने, आता नाई, जा तुमी."

"चक्कीवरून आल्या असतील."

"चक्की?" तो म्हणाला. "त्या दिवशी तं दुपारभर लाईनच नव्हती, साहेब. आमचा पंपही बंद होता."

मी जमादाराला चक्कीवर पाठवलं. चक्कीवाल्यानं सांगितलं की लाईन गेल्यामुळे दुपारी त्यानं कुलूप लावलं होतं, आणि त्या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

पेट्रोल पंपावरच्या माणसाला मी घरी सोडलं आणि महिला शिपायाला बरोबर घेऊन बोरगाव मेघेला गेलो. नाईक सुभेदारांबरोबर बँकेत गेला होता, हजर होण्याची मुदत वाढवून मागायला. बाई एकट्याच होत्या. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि म्हणालो, "ताई, चक्की त्या दिवशी बंद होती."

त्यांनी नाकारलं नाही. पदर तोंडाशी धरला. मग मागच्या दाराकडे बोट केलं.

"विहिरीत टाकली."

"का?"

"दोन खेपा पाह्यलं मी, साहेब. घरात कोनी नाई असं समजून बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हनलं, काय करून राह्यले? तं म्हने, साफ करून राह्यलो. साफ करनाऱ्याच्या डोयात पानी राह्यते काय?"

"पण आता तर नोकरी लागली होती."

"म्हनून तं टाकली," त्या म्हणाल्या. "घरी मी पाहू शकत होती. तेथं दिवसभर त्याइच्या हातात बंदूक, अन् पाहाले कोन?"

मी विचारलं, हे कोणाला का सांगितलं नाही? नवऱ्याला, सुभेदारांना, डॉक्टरांना?

"काय सांगू? मानूस असा करते म्हनून सांगतलं, तं त्याले नोकरी कोन देईन? चोरी झाली म्हनलं तं कोनाचा दोष नाई. मले वाटलं, लोकाइले दया येईन. बिनबंदुकीचं काही काम देतीन."

विहिरीत पाणी कमी होतं. गळ टाकून बंदूक काढली, पंचांसमोर मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. सगळी आळी जमली होती. बंदूक काठावर चिखलानं माखलेली पडली असताना नाईक आणि सुभेदार सायकलवरून आले. नाईकनं बंदुकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं ओळख पटवून दिली, पंचनाम्यावर सही केली आणि पायरीवर जाऊन बसला.

सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, अज्ञात चोरानं विहिरीत टाकली असं लिहा. बंदूक भेटली, विषय संपला. बँकेनं दोन दिवस वाढवून देल्ले हायेत."

"आणि त्यानं ती स्वतःवर चालवली तर?"

"अन् नोकरी गेल्यावर तो वाचन काय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. ते मला खरोखरच विचारत होते.

नाईकला मी ठाण्यात नेलं नाही. तिथंच पायरीवर त्याच्याशेजारी बसलो आणि विचारलं, "बाई म्हणतात ते खरं आहे का?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. बायको भित्री आहे, तिचा गैरसमज झाला, एवढं म्हटलं असतं तरी माझ्यापाशी लिहायला काही ठोस उरलं नसतं. मला वाटतं, तो तसं म्हणेल अशीच मी वाट पाहत होतो.

"खरं हाये, साब," तो म्हणाला. "झूठी रिपोर्ट मी कधी देल्ली नाई."

मग तो आपण होऊन बोलला. दोन वर्षांत तो एवढा कोणाशी बोलला नसावा. "तिकडे माझ्या आवाजावर तोफा चालत होत्या. मी आकडा सांगितला का गोया तेथंच पडे. बर्फात, अंधारात, कितीही खरखर असो, माझा आवाज पोहोचे. इकडे मी बोलतो तं समोरच्याले ऐकूच जात नाई. काय येते तुले, विचारते. आता बँकेच्या दारात उभं राहाचं होतं. काही बोलाचं नाई, नुसतं उभं राहाचं."

"मग नोकरी नको होती?"

"पाह्यजे होती. पोरगी हाये. घर हाये." तो म्हणाला, "तिनं टाकली ते बरोबर केलं. पन मले विचारून टाकाची होती."

मी खरं ते लिहिलं. शस्त्राच्या बाबतीत दुसरं काही लिहिणं मला शक्य नव्हतं, आणि आज पुन्हा लिहायची वेळ आली तरी तेच लिहीन. खोटा जबाब दिला म्हणून बाईंवर कारवाई होऊ नये एवढी खबरदारी घेतली. गैरसमजुतीतून दिलेली फिर्याद असा अहवाल पाठवून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची परवानगी, मागितली आणि ती मंजूर झाली. बंदूक मालखान्यात गेली. परवाना आधी निलंबित आणि पुढं रद्द झाला. बँकेची जागा पेट्रोल पंपावरच्या माणसाला मिळाली. तो मला भेटायला आला होता. म्हणाला, "साहेब, नोकरी भेटली पन घरी पेढे आनाची हिंमत नाई झाली."

नाईकला सुभेदार मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर सुभेदारांनी त्याच्यासाठी बिनबंदुकीची कामंही शोधली. गोदामावर, शाळेवर, एका कापूस व्यापाऱ्याच्या आवारात. पण आळीनं विहिरीतून बंदूक निघताना पाहिली होती. माणूस चांगला आहे, पण नको, असंच जो तो म्हणाला. वर्षभरात घर विकून ते कुटुंब रोहण्याला गेलं.

पडवीतले रविवार चालू राहिले, पण ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. सुभेदारांनीच मला एकदा बाजारात थांबवून सांगितलं. "पहिले पोरं येऊन रडत होते, साहेब. झोप येत नाई, राग येते, सांगत होते. आता कोनी काही सांगत नाई. सगळेच म्हनते, मस्त हाये. नाईकचं काय झालं ते सगळ्याइले माहीत हाये ना." दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ते वारले. पडवीत मग कोणी बसलं नाही.

दोन हजार सालानंतर माझी बदली आर्वीकडे झाली. एका निवडणुकीच्या बंदोबस्तात रोहण्याला गेलो असताना नाईकच्या बायकोनंच मला ओळखलं. शेतातून येत होत्या. पाटलांकडे मजुरीला जातात असं म्हणाल्या. मुलीचं लग्न झालं होतं.

"आणि ते?" मी विचारलं.

"घरी हायेत. बसले राह्यते. भावाच्या पोराइसंगही बोलत नाई."

"तुमच्याशी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "विहिरीच्या दिवसापासून नाई. जेवाले देल्लं तं जेवते, ताट उचलून ठेवते. फौजीवानी सगळं टाइमावर." डोक्यावरची गवताची पेंडी त्यांनी सावरली. "जित्ते हायेत, साहेब. मी तेवढंच मांगतलं होतं, तं तेवढंच भेटलं."

त्यांना उशीर होत होता, त्या निघून गेल्या.

पोलीस खात्यात प्रत्येक प्रकरण काहीतरी शिकवून जातं असं आम्ही नव्या पोरांना सांगतो. या प्रकरणानं मला काय शिकवलं हे सांगायला मात्र मी बरीच वर्षं टाळाटाळ केली. खरं बोलल्यानं माणसाची भाकर जात असेल तर माणूस खरं बोलत नाही, हे मला आधीही ठाऊक होतं. पण तोवर मी ते गुन्हेगारांपुरतं धरत होतो.

पुढं सेवेत असेपर्यंत माजी सैनिकांच्या शस्त्र परवान्याच्या चौकशा माझ्याकडे येत. नोकरीसाठीच हवे असत परवाने. मी घरी जायचो, अर्जदाराला बाहेर पाठवायचो आणि बायकोला एकटीला विचारायचो. झोपतात का, बोलतात का, काही वेगळं दिसतं का? ती बाई दाराबाहेर थांबलेल्या नवऱ्याकडे बघायची, घरातल्या लेकरांकडे बघायची आणि म्हणायची, "सगळं ठीक हाये, साहेब."

एकीनंही कधी वेगळं उत्तर दिलं नाही. मी ते तसंच लिहून घ्यायचो आणि खाली सही करायचो.