‘इतर’मध्ये न मावलेल्या साळवेबाई

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साळवेबाईंनी माझा जेवणाचा डबा काट्याला टांगला. मी डबा टेबलावर ठेवत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "किती भरंल रे?" मी म्हणालो, "असेल किलोभर." बाईंनी पिशवीतून भंगारवाल्यांकडे असतो तसला आकड्याचा, स्प्रिंगचा काटा काढला, डब्याची कडी त्यात अडकवली आणि सगळ्या कार्यालयासमोर हात उंच धरला. डबा किलोला चांगलाच कमी भरला. "आईला सांग, अजून दोन भाकरी बांध म्हनावं," त्या म्हणाल्या. "आन् ‘असेल’ हा आकडा नसतो, एवढं ध्यानात ठेव." सगळे हसले. मला इतका राग आला की पुढचा आठवडाभर मी डबा कपाटात लपवत होतो.

पूर्ण नाव मार्था साळवे, गाव पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव. अंगकाठी काटकुळी, चष्म्याला दोरा, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. रविवारी चर्चमध्ये ढोलकीवर भजनं म्हणायच्या आणि सोमवारी साहेबांशी भांडायच्या. दोन्ही सारख्याच भक्तीनं. मी केडगावचा म्हणून मला कायम ‘केडगावकर’ म्हणत. नगरमधल्या आमच्या त्या सरकारी कार्यालयात त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली आणि रोज कशावरून तरी बोलणी खाल्ली.

आमचं काम सांगायला सोपं होतं. जिल्ह्यात वर्षभर जे जे जळतं, म्हणजे डिझेल, गॅस, सरपण, साखर कारखान्याच्या बॉयलरमधलं उसाचं चिपाड, त्याचे दोन तक्ते करायचे. एक ऊर्जेचा ताळेबंद. तो विचारतो, कुठं जळलं? दुसरा ऊर्जेचा लेखा. तो विचारतो, कुणी जाळलं? केडगावच्या ट्रकवाल्यानं सोलापुरात डिझेल भरून तिकडंच जाळलं तर ताळेबंदात ते सोलापूरचं आणि लेख्यात केडगावचं. दोन्ही तक्ते खरंच बोलत असतात, पण त्यांच्यात फरक पडतो. तो फरक का पडला, ते ओळीओळीनं लिहून दोन्ही जुळवायचे आणि वर पाठवायचे. वर म्हणजे मुंबई आणि तिथून दिल्ली, देशाच्या लेख्यात. ज्या फरकाचं कारण सापडत नाही त्याच्यासाठी तळाला एक रकाना असतो, ‘इतर’.

‘इतर’वर आमच्या खात्याचा फार जीव. अडलेलं सगळं त्यात ढकलायचं आणि चहाला जायचं. मीही तेच शिकलो होतो. बाईंना मात्र तो शब्द दिसला की कपाळाला आठी. "इतर नावाचं गाव हाय का रे जिल्ह्यात?" त्या विचारायच्या. "यष्टी जाते का तिथं? न्हाई ना? मग तिथली मान्सं काय हवेत ऱ्हातात?"

त्यांच्या शेवटच्या वर्षी सरपणाची ओळ काही केल्या जुळेना. श्रीगोंदा तालुक्यात जेवढं सरपण जळल्याचं ताळेबंद सांगत होता, तेवढं जाळणारी घरंच लेख्यात सापडत नव्हती. पाथर्डीत नेमकं उलटं. तिथं घरं होती, घरोघरी गॅसच्या टाक्या होत्या, पण सहा महिने त्यातल्या कित्येक घरांत काही शिजलंच नव्हतं. मी नेहमीप्रमाणे फरक ‘इतर’मध्ये टाकला आणि कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"सहा म्हयने आमचं तिसगाव उपाशी बसलं व्हतं व्हय रे? चल, उठ."

तिसगावातल्या एका गल्लीत दोन्ही बाजूंना कुलपं होती. पाहणी करणाऱ्या लिपिकानं प्रत्येक घरापुढं लिहून ठेवलं होतं, ‘घर बंद, वापर शून्य.’ एका खिडकीतून धूळ बसलेली लाल टाकी दिसत होती. माणसं गेली होती श्रीगोंद्याकडे, ऊसतोडीला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडच्या उसाच्या फडात गेलो, तर त्याच गल्लीतल्या कौसाबाई आपल्या कोपीपुढे, उसाच्या पाचटाच्या झोपडीपुढे, तीन दगडांची चूल फुंकत होत्या. धुरानं डोळे लालभडक झालेले. तिथल्या पाहणीवाल्यानं आम्हाला आधीच सांगितलं होतं, "ती बाहेरची माणसं. आमच्या तालुक्याच्या यादीत कशाला घ्यायची?" म्हणजे आपल्या गावात ती घरी नव्हती आणि इथं ती इथली नव्हती. दोन्ही तक्त्यांच्या मधल्या फटीतून अख्खी गल्ली खाली पडली होती आणि मी तिला ‘इतर’ म्हणून मोकळा झालो होतो.

"टाकी का न्हाई आनली गं कौसे?" बाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टरात जागा कुटं हाय? भांडी, कोंबड्या, सासू. कुनाला उतरवू आन् टाकी चढवू?" कौसाबाई म्हणाल्या. मग बाईंनी सरपणाची मोळी काट्याला लावलेली बघून कौसाबाई घाबरल्या. "आवो, लाकूड कशापायी मोजताय? दंड लावनार का काय?"

"दंड न्हाई, नाव लावनार," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी रविवार चर्च आटोपून बाई फडात जात राहिल्या. मी वही धरायचो, त्या कोपीकोपीतलं सरपण तोलायच्या. काटा धरून त्यांचा खांदा सुजला, तेव्हा त्यांनी हात बदलला. मी एकदा म्हणालो, "बाई, दहा कोप्या मोजल्या, बाकीच्या अंदाजानं धरू." त्यावर त्या काटा उचलून अकराव्या कोपीकडे चालू लागल्या. शेवटी ओळ जुळली. बाईंनी तिला अकरावा क्रमांक दिला आणि नाव लिहिलं, ‘रहिवास पाथर्डी, चूल श्रीगोंदा’. ‘इतर’पुढे पहिल्यांदाच शून्य आलं. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना स्वतः चहा पाजला.

साहेबांना तो चहा कडू लागला. "मॅडम, सगळे जिल्हे घरोघरी गॅस पोचला, धूर संपला म्हणून पाठवतायत. आपणच तेवढी चूल दाखवायची? ‘इतर’मध्ये टाका, कुणी विचारत नाही."

"म्हनून तर टाकायचं न्हाई," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढली. बाईंनी उत्तर पाठवलं, तेही शुद्ध कार्यालयीन मराठीत: ‘कारण दाखविलेले आहे. कृपया ओळ क्रमांक अकरा पाहावी.’ हे उत्तर कार्यालयात महिनाभर पाठ म्हटलं जात होतं. साहेब मात्र शांत झाले. बाई एकतीस मे रोजी निवृत्त होणार होत्या आणि तक्ता जूनच्या दोन तारखेपर्यंत पाठवायचा होता. साहेबांना फक्त वाट बघायची होती.

निरोपाच्या कार्यक्रमात शाल झाली, नारळ झाला, आणि ‘साळवे मॅडम म्हणजे अचूकतेचा आदर्श’ असं साहेबांनी भाषणही केलं. मग त्यांनी हसत हसत तक्त्याची नवी प्रत पुढे केली. "जाता जाता एवढी सही करून जा." अकरावी ओळ गायब होती, ‘इतर’ पुन्हा तुडुंब भरलेला होता. बाई कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"साहेब म्हनाले, मी अचूक. मग एक चूक सांगूनच जाते. माझी जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकली, माझ्या निम्म्या वर्गाला तीच टाकली. पन मी जन्मले ती कोपीत, श्रीगोंद्याच्या फडात. माय सांगायची, मी रडत व्हते आन् शेजारी ऊस तुटत व्हता. जूनमधी ऊसतोड असती का, साहेब?" बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "श्रीगोंद्यानं मला लिवलं न्हाई, कारन आमी भायेरचे. तिसगावनं लिवलं न्हाई, कारन घराला कुलूप. म्हनून आज माझी नोकरी संपती ती गुरुजींच्या अंदाजानं. संपू द्या, माझी तक्रार न्हाई. पन कौसीची चूल मी अंदाजात घालनार न्हाई."

त्यांनी लाल पेनानं ‘इतर’वर आडवी रेघ मारली, वर अकरावी ओळ आकड्यासकट पुन्हा लिहिली आणि खाली सही केली. शाल खुर्चीवर राहिली. जाताना पिशवीतला काटा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "ती खाडाखोड चालणार नाही. बाई आता सेवेत नाहीत, त्यांचं काम आता तुझ्याकडे. स्वच्छ प्रत काढ, ‘इतर’ लिही आणि तू सही कर. तू अजून कायम व्हायचा आहेस, लक्षात ठेव." मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. घरी लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलीकडच्यांना माझ्या नोकरीचाच भरवसा होता. टेबलाशी येऊन मी तासभर नुसता बसून राहिलो. समोर काटा पडलेला होता आणि मोळ्यांच्या वजनानं त्याचा आकडा जरा वाकला होता.

मी स्वच्छ प्रत काढली. एकही खाडाखोड नव्हती. अकरावी ओळ बाईंच्या शब्दांत जशीच्या तशी होती, ‘इतर’पुढे शून्य होतं आणि खाली माझी सही होती. साहेबांचा आवाज चढला. "हे काय?" मी म्हणालो, "वजन केलेलं आहे, साहेब." मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. माझ्या सहीशिवाय तक्ता जात नव्हता आणि मी दुसऱ्या कशावर सही करत नव्हतो. तक्ता तसाच गेला.

त्याच आठवड्यात मला नोटीस मिळाली. आयुष्यातली पहिलीच. बाई तिसगावात राहायला गेल्या होत्या, मी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"केडगावकर," त्या म्हणाल्या, "काटा हाय ना जवळ? लाव ती नोटीस त्याला. बघ किती भरती."

मी फोन कानाशी धरून खरोखरच ती आकड्याला अडकवली आणि सगळ्या कार्यालयासमोर हात उंच केला.

"बाई," मी म्हणालो, "काटा हलतसुद्धा नाही."