आवाज जाण्याआधीचे अकरा दिवस

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचायची आशा होती, पण आवाज राहणार नव्हता. हातात अकरा दिवस होते. एसटीनं परत येताना मंचर मागे पडल्यावर दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बारक्या, तेवढ्यात कंपनीचं उरकून टाकू."

आळेफाट्याला आमचं वर्कशॉप आहे. कांद्याची प्रतवारी करायची यंत्रं बनवतो. सुरुवात दादानं एकट्यानं वेल्डिंगपासून केली, मी मागून आलो. त्यामुळे धंदा त्याच्याच नावावर होता. मागं कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की एकट्याच्या नावावरचा धंदा माणसाबरोबर संपतो, कंपनी संपत नाही. ते त्याच्या डोक्यात बसलं. "उद्या मी नसलो तर हिनं कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं? आपण तिघं मिळून कंपनी करू," असं तो म्हणायचा. तिघं म्हणजे तो, वहिनी आणि मी. पण हातात काम असायचं आणि ते राहून जायचं.

नारायणगावच्या सीए बाईंकडे गेलो. बाई कसल्या, तिशीतली मुलगी. तिचे आजोबा राजस्थानातून येऊन इथं कापडाच्या धंद्यात स्थिरावले. ती आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. म्हणाली, "काका, कागद बरोबर असले तर आठ-दहा दिवसांत होतं. पण कागद कधीच बरोबर नसतात."

मी उठताना तिनं हळूच विचारलं, "मोठ्या काकांना कंपनीत नाही घेतलं तर? तुम्ही आणि काकू, दोघं पुरे. मग ऑपरेशनच्या आधीची ही घाई नको, सावकाश करता येईल."

मी नको म्हणालो. ज्यानं धंदा उभा केला त्याचं नाव पहिलं पाहिजे. तिचं बोलणं मी घरी सांगितलंच नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

मग धावपळ सुरू झाली. वहिनींच्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. लग्नाचा दाखला लागणार म्हणून त्यांच्या माहेरी बेल्ह्याला गेलो. नेमका बाजारचा दिवस, रस्ताभर बैल आणि टेम्पो. ग्रामसेवक भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत गेलो. वर्कशॉपचं लाईट बिल अजून आमच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. ते बदलायला वेळ नव्हता, म्हणून कंपनीचा पत्ता समोरच्या गाळ्याचा द्यायचा ठरला आणि मी गाळामालकाची संमती मिळवायच्या मागे लागलो. कंपनीसाठी दिलेलं पहिलं नाव दुसऱ्या कुणाच्या नावासारखं म्हणून परत आलं.

डिजिटल सहीसाठी मोबाईलवर व्हिडिओ करायचा होता. त्यात पॅनकार्ड हातात धरून, कॅमेऱ्याकडे बघून तोंडानं नाव सांगायचं. न बोलणाऱ्या माणसासाठी वेगळी सोय असेल, पण तिला वेळ लागेल, असं सीए म्हणाली होती. दादाचा पहिला व्हिडिओ नापास झाला. मागून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता, त्यात त्याचा आवाज ऐकूच येत नव्हता. मग घरात मागच्या खोलीत बसलो. वहिनींनी खिडक्या लावल्या, कोमट पाणी आणून दिलं. दादानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. म्हणाला, "हा अर्ज मी माझ्या मर्जीनं करतोय." घसा इतका दुखत होता की डोळ्यांत पाणी आलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. आता आधारची झेरॉक्स दे," मी म्हणालो.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, "बस जरा."

"दादा, गाळामालकाची सही राहिलीये. घेऊन येतो, मग बसतो."

तो हसला. "जा, जा. ते मेन हाय."

मी आलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. थोड्या वेळानं गाडीही आली. गाडीत त्यानं मला एवढंच विचारलं, "सही मिळाली का?"

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी कंपनीचं प्रमाणपत्र मोबाईलवर आलं. वॉर्डात त्याला दाखवलं. बोटांनी मोठं करून त्यानं ते बराच वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं, 'हिचं नाव सगळीकडं बरोबर आलंय ना?' मी मान डोलावली. त्यानं माझं मनगट धरलं आणि नर्स येईपर्यंत सोडलं नाही.

पुढे तो सात महिने जगला. बरं वाटेल त्या दिवशी वर्कशॉपला यायचा, लोखंडाच्या पत्र्यावर खडूनं लिहून कामं सांगायचा. मग आजार फुप्फुसात उतरला.

कंपनी चालू आहे. कागदांवर वहिनी सह्या करतात, काय लिहिलंय ते वाचून, समजून करतात. दादाला हवं होतं ते झालं.

परवा दुपारी सह्या करता करता त्यांनी विचारलं, "भावजी, ऑपरेशनच्या आधी तुमी दोघं सारखे बरोबर व्हता. मला वाटायचं, भावाभावांचं काय बोलणं चाललंय ते चालू द्यावं, म्हणून मी मधी येत नव्हते. काय बोलत व्हता?"

मी खूप आठवलं. लाईट बिल. दाखला. पॅन. झेरॉक्स कुठं मिळेल, कोण कधी भेटेल. लहानपणाचं नाही, आईचं नाही, त्याला भीती वाटतेय का तेही मी विचारलं नव्हतं. काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर वाटलं, पण जमलं नाही.

"कागदांचंच बोललो, वहिनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर टेम्पो येऊन थांबला, यंत्र चढवायचं होतं. मी उठून गेलो. त्या तशाच बसून राहिल्या.