टाकी होती, पाइप नव्हता

दोन हजार सालाच्या आसपास आखाडा बाळापुरात केबलवर गावच्या बातम्या लागायच्या, आणि त्यात माइक घेऊन प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे मी! पुढाऱ्यांच्या मुलाखतींइतकी मजा मला पुढे कशातच आली नाही. दोष अंगावर आला की ही माणसं काय सफाईने निसटायची!

त्यातला अव्वल खेळ वारंगा फाट्याजवळच्या एका तांड्यावर झाला. तिथे पाण्याची टाकी बांधून वर्ष झालं होतं, पण विहिरीपासून टाकीपर्यंत पाइपच टाकला नव्हता. बाया भर उन्हात हायवे ओलांडून घागरी आणायच्या. निवडणूक आली, तसे आमचे आमदारसाहेबही आले. टाकीखाली खुर्च्या मांडल्या, शाल-नारळ झालं आणि मी कॅमेऱ्यासमोर विचारलं, पाइप कुठंय?

साहेबांनी आधी दुष्काळाला धरलं, मग मुंबईतल्या सरकारला, मग इंजिनियरला. मी मनातून टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात तांड्याचे म्हातारे नाईक उठले. तांड्यातले तंटे तेच मिटवायचे आणि त्यांचा एक कायदा होता: ज्याच्यावर बोट दाखवाल, त्याला समोर उभं करा.

"साहेब, ज्याचं नाव घेतलं त्याला बोलवा," ते म्हणाले. "आमी थांबतो."

इंजिनियर मागे जीपमध्येच बसलेला! तांड्यातल्या दोघांनी त्याला अदबीने आणलं. त्याने घाम पुसत ठेकेदाराचं नाव घेतलं. ठेकेदार तर पहिल्याच रांगेत, गळ्यात हार. साहेबांचा सख्खा मेहुणा. तोही उभा राहिला.

"तुमी कुणाचं नाव घेता, भाऊ?" नाईकांनी विचारलं.

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजीच म्हणले होते, पाइप इलेक्शननंतर टाकू."

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोष ढकलायला कुणी उरलं नव्हतं.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी लागून, तेवढं कापा, असंही म्हणाले. मी मान हलवली. आणि संध्याकाळी सगळी कॅसेट जशीच्या तशी लावली!

सकाळी साहेबांचा माणूस जाब विचारायला दारात. मशीन बिघडली, केबलच्या मालकाने सांगितलं, वीज गेली, सगळी उत्तरं माझ्या तोंडापर्यंत आली. पण नाईक डोळ्यांसमोर दिसायला लागले. म्हटलं, मीच नाही कापलं.

चौथ्या दिवशी तांड्यावर पाइपांचा ट्रक उतरला. टाकीला पाणी आल्यावर नाईकांनी खास निरोप धाडला. मी गेलो आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यालो.