सफरचंदाखाली व्हिगा झोपेना

बोडिलचे गुडघे कामातून गेलेत, पण म्हातारपणानं नव्हे. एकतीस वर्षं ती पोरांबरोबर जमिनीवर लोळतेय, म्हणून. लेमविग या आमच्या थंडगार गावात, आमच्या गल्लीत ती स्वतःच्या घरी चार-चार लहानगी सांभाळते. आयाबाप सकाळी सातला सोडतात, चारला नेतात. मी शेजारची केटी. कुंपणाच्या भोकातून रोज कॉफीला जाते आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ले देते. बोडिल म्हणते, "तुझ्या सल्ल्यानं एकही पोर वाढवलं नाही मी, म्हणून सगळी धड आहेत."

बोलता न येणाऱ्या पोरालाच लोक विचारत बसतात, काय झालं रे? बोडिल विचारत नाही. पोर जिथं रडतं तिथं जाऊन ती पोराएवढी होते आणि बघत राहते. आस्गर म्हणून एक होता, फक्त गुरुवारी जेवताना किंचाळायचा. आईबाप पोटाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. बोडिल टेबलाखाली शिरली. गुरुवारी खुर्चीची उशी धुवायला असायची आणि उघड्या फळीतला खिळा त्याच्या मांडीला टोचायचा. झालं!

पण व्हिगानं तिला हरवलंच होतं.

व्हिगा अजून दोनाचीही नव्हती. गोड पोर, कधी कटकट नाही. आमच्याकडची सगळी पोरं दुपारी बाहेर, बाबागाडीतच झोपतात. नोव्हेंबर असो की जानेवारी, लोकरीत गुंडाळायचं की झालं. बोडिलच्या चारही गाड्या सफरचंदाच्या झाडाखाली ओळीनं लागतात. एका सोमवारी व्हिगानं गाडी बघताच पाठ कमानीसारखी ताणली आणि आवाज बसेपर्यंत ओरडली. त्या दिवसापासून रोज तेच. वर हातमोजे काढू देईना. राय धान्याचा काळा पाव हातमोज्यांनीच खाई.

"दात येत असतील," मी म्हटलं.

"दाढासुद्धा आल्यात."

"मग जंत."

"केटी, कॉफी पी."

डॉक्टरनं कान तपासले, घसा तपासला. काही नाही. तिची आई माइब्रिट, सहा आठवड्यांचं तान्हं बाळ छातीशी बांधून यायची, डोळे खोल गेलेले. दुसऱ्या बुधवारी दारातच, खाली बघत म्हणाली, "बोडिल, रागावू नकोस. इथं काही घडलंय का? काहीही? शुक्रवारपर्यंत बघते, नाहीतर तिला दुसरीकडे ठेवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळताच मी सुरू झाले. "हिला? हिला स्वतःला लहानपणी तू सांभाळलंस, हिचं ढुंगण धुतलंस, आणि आता ही तुला विचारते?"

"आईनं विचारायलाच हवं," बोडिल म्हणाली. "न विचारणारी आई मला नको." मग एकच कप ती बराच वेळ विसळत राहिली. "पोर जाईल त्याचं नाही गं. तिला काहीतरी सलतंय, ती रोज माझ्याकडे बघून सांगतेय, आणि मला कळत नाही." इतक्या वर्षांत बोडिलला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

गुरुवारी दुपारी तिनं व्हिगाची गाडी बाजूला ओढली, तिथं सतरंजी टाकली आणि चक्क उताणी झोपली. सहा अंश तापमान!

"ऊठ गं बाई, उद्या तुलाच गाडीतून फिरवावं लागेल!"

"गप्प बस. केटी, हे वर काय आहे?"

"पक्ष्यांसाठी चरबी-दाण्यांचे गोळे. मीच बांधले की, दोन आठवडे होतील. लाल फितीनं, छान दिसतात ना?"

झोपल्याझोपल्याच तिनं माइब्रिटला फोन लावला. "ही रडायला लागली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, काय केलंत तुम्ही?"

फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "काही नाही गं. तोंडातली चोखणी सोडवली. गावच्या बागेतल्या झाडाला बांधली, केक खाल्ला. तिनं टाटासुद्धा केला."

आमच्या गावात हे सगळेच करतात. बागेत एक झाडच आहे, चोखण्यांनी लगडलेलं. पोर आपली चोखणी रंगीत फितीनं तिथं बांधतं, सगळे टाळ्या वाजवतात, पोर मोठं झालं. माझ्या तिघांच्या चोखण्याही तिथंच लटकल्या होत्या. यात काही वाईट असेल असं आम्हाला कुणाला कधी वाटलंच नाही.

"फीत कुठल्या रंगाची?" बोडिलनं विचारलं.

"लाल."

"हं. तिची सगळ्यात आवडती वस्तू झाडाला बांधून तुम्ही घरी आलात. सोमवारी तू तिला गुंडाळून माझ्याकडे दिलंस आणि बाळाला घेऊन गेलीस. मी तिला झाडाखाली निजवलं. वर लाल फिती."

"म्हणजे तिला वाटलं, आता तिलाच झाडापाशी सोडून आम्ही जाणार," माइब्रिट म्हणाली.

"आणि म्हणून ते हातमोजे," बोडिल म्हणाली. "अंगावरचं काढलं की ते झाडाला जातं."

मी मुकाट्यानं शिडी आणली आणि सातही गोळे उतरवले. मेल्या चिमण्यांनी एकालाही चोच लावली नव्हती.

शुक्रवारी आम्ही बागेत गेलो. बाळ माझ्याकडे दिलं होतं, म्हणजे माइब्रिटचे दोन्ही हात व्हिगाला मोकळे. झाड लांबून दिसताच पोरीनं आईच्या कमरेला पायांचा विळखा घातला.

"पण परत दिली तर सवय लागेल," माइब्रिट कुजबुजली. "सगळे म्हणतात."

"मीही म्हणत होते," मी म्हटलं. "माझं ऐकू नकोस."

बोडिलनं कात्री पुढं केली. माइब्रिटनं फीत कापली आणि चोखणी व्हिगासमोर धरली. "बघ, मी न्यायला आले. माझं माणूस मी कुठंही सोडून जात नाही, कळलं? कधीच नाही."

व्हिगानं चोखणीकडे पाहिलं. तोंडात घातली नाही, हातातही घेतली नाही. आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि मिनिटभरात झोपली. चोखणी गवतात पडली.

तासभर माइब्रिट हलली नाही. वारा सुटला होता, बाळ माझ्या खांद्यावर ओकलं. "बाकावर बस गं," मी म्हटलं. बोडिलनं मला डोळ्यांनीच दटावलं.

व्हिगा उठली. आधी वर झाडाकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे. आई तिथंच होती. मग तिनं दातांनी ओढून एक हातमोजा काढला, दुसरा काढला आणि दोन्ही आईच्या हातात दिले.